घरच्या घरी केटलबेल: सोळा किलो, सातवा आठवडा आणि तडकलेली फरशी

चौथा_मजला | ४ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. व्यायामाच्या धाग्यांवर मी आजवर नुसता वाचक. आता लिहायची वेळ आली, कारण घरात विचारावं असं कोणी नाही आणि जे आहेत ते हसतात.

वय ४३, बैठं काम, मुक्काम ठाणे, चौथा मजला. मागच्या वर्षी जिमची वर्षभराची फी भरून एकूण अकरा वेळा गेलो. बायकोने भागाकार करून एका फेरीचा भाव फ्रीजवर चिकटवलाय. म्हणून ठरवलं, जे काय करायचं ते घरी. केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, बरी वाटली. एकच वस्तू, जागा सतरंजीएवढी, रोजची वीस-पंचवीस मिनिटं.

पहिली चूक दुकानातच झाली. दुकानदार म्हणाला, "तुमच्यासारख्याला चोवीस किलो." माझ्यासारखा म्हणजे कसा, हे न विचारता छाती फुगवून ते धूड घरी आणलं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. चौथ्या दिवशी मोजे आईने घातले.

महिनाभर गप्प बसलो, मग सोळा किलोची आणली. केटलबेलचा प्रशिक्षक पावेल त्सात्सुलीन याचा दोनच व्यायामांचा प्रोग्रॅम धरलाय: दहाचे दहा सेट म्हणजे शंभर स्विंग (केटलबेल पायांमधून मागे नेऊन छातीपर्यंत झुलवायची), आणि मग टर्किश गेट-अप (ती एका हाताने वर धरून झोपलेलं उठून उभं राहायचं, परत झोपायचं), प्रत्येक बाजूने पाच. बस्स. आठवड्यातून पाच दिवस. सध्या सातवा आठवडा. स्विंग अजून दोन्ही हातांनीच मारतो, एका हाताने सुरू केलेले नाहीत.

अडचणी अशा. साठ-सत्तर स्विंगनंतर कंबर आवळल्यासारखी होते. दुखत नाही, पण भीती वाटते. दुसरं म्हणजे गेट-अपला उजवा हात थरथरतो, डावा नाही. मी डावखुरा नाही. आणि तिसरी अडचण घरगुती आहे: परवा सेट संपल्यावर खाली ठेवताना घामाने हात निसटला. चार बोटांवरून पडली असेल, पण फरशीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. खालच्या काकूंनी लगेच बेल वाजवली. "काय पडलं?" म्हटलं, डबा. "कसला डबा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

कुंपणावरचा | ४ जून, रात्री ११.१५

एका लोखंडी किटलीसाठी एवढा खटाटोप? आपल्या गदेला, करेलाच्या (फिरवायच्या मुद्गलांच्या) जोडीला काय धाड भरलीय? जोर-बैठका फुकट आहेत, फरशीही फुटत नाही. परदेशातून फिरून आलं की सगळं आपल्याला भारी वाटतं.

---

सकाळची_साखर | ५ जून, सकाळी ६.०२

"कसला डबा?" 😂 वाचतेय. मीही आठ किलोने सुरू केलं होतं, नंतर सविस्तर लिहिते.

---

हाडवैद्य_नाही | ५ जून, दुपारी २.३०

फिजिओथेरपिस्ट आहे, पण इथे बसून कोणाची कंबर तपासता येत नाही. हे सर्वसाधारण म्हणून वाचा. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर धागा बंद करून प्रत्यक्ष कोणाला तरी दाखवा.

कंबर आवळते याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. तुम्ही स्विंग मारत नाही, बैठक मारताय आणि वजन हातांनी वर नेताय. आपल्याकडे हे फार होतं. उकिडवं बसायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे जमिनीवरचं वजन दिसलं की आधी गुडघे वाकतात. स्विंगमध्ये वाकायचं ते खुब्यातून. गुडघे जरा सैल सोडायचे, इतकंच.

आज केटलबेलला हात लावू नका. भिंतीकडे पाठ करून पाऊलभर पुढे उभे राहा. आता समजा, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि फ्रीजचं उघडं राहिलेलं दार लोटायचंय. कशाने लोटाल? ढुंगणानेच ना! तेच करा. भिंतीला टेकलं की परत उभं. दहा वेळा जमलं की दोन बोटं पुढे सरका. मांडीच्या मागे ताण आला पाहिजे. तो गुडघ्यावर, मांडीच्या पुढच्या बाजूला येत असेल तर तुम्ही परत बसताय. पाठ सरळ राहते का ते केरसुणीच्या दांड्याने बघा. दांडा पाठीवर उभा धरायचा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही टेकलेले राहिले पाहिजेत. वाकताना एक जरी सुटलं तरी तिथेच थांबायचं.

हे जमलं की वजन. केटलबेल हातभर पुढे ठेवा, झोपाळा मागे ओढून सोडतात तशी दोन्ही पायांमधून मागे ओढा. हात जांघेत अगदी वर लागले पाहिजेत. केटलबेल गुडघ्यांच्या खालून जात असेल तर सगळा भार कंबरेवर येतो. मग कुल्ले आवळून ताडकन उभं राहायचं. हात म्हणजे नुसते दोरखंड, केटलबेल छातीपर्यंत आपसूक तरंगत येते. वर आल्यावर मागे कलू नका. आरशात बघा, मी पैज लावते, तुम्ही कलत असणार. साठ-सत्तरनंतर कुल्ले थकतात आणि मग माणूस कंबर मागे मोडून हिशोब पुरा करतो.

एक जुनी परीक्षा सांगते. मुठीतून पंचा ओवा, दोन्ही टोकं धरून हलकेच स्विंग मारा. वर आल्यावर पंचा आणि केटलबेल एका रेषेत दिसली तर ठीक. केटलबेल पंच्याच्या टोकाला खाली लोंबत असेल तर तुम्ही ती हातांनी उचलताय.

आणि सेटमध्ये श्वास कोंडू नका, प्रत्येक स्विंगला वर येताना जोरात सोडा. रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, हृदयाचं काही असेल त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

---

चौथा_मजला | ५ जून, रात्री ९.४०

ताई, पैज जिंकलात. बायकोने मोबाईलवर व्हिडिओ काढला. वर आल्यावर मी मागे असा कलतोय की जणू पतंग कापला गेला का ते बघतोय. आणि पंचा लोंबला.

---

फौंड्रीवाला | ६ जून, सकाळी ११.२०

फरशीचं वाचून राहवलं नाही. आमची फौंड्री शिरोलीला, ऑईल इंजिनाचे भाग ओततो. दोन वर्षांपूर्वी पोराने केटलबेलचा हट्ट धरला. म्हटलं, विकत कशाला, आपल्यात रोज बीड वितळतंय. सुताराकडून लाकडी पॅटर्न करून घेतला, सँडमध्ये साचा भरला आणि ओतली. वजन भरलं १७ किलो ४०० ग्रॅम. पॅटर्नवाल्याने आकसण्यासाठी मोजून सोडलं होतं, आम्ही वरून "असू दे जरा जास्त" म्हणून भर घातली. पोरगा म्हणतो, पप्पा, प्रोग्रॅममध्ये सतरा-चारशे बसत नाही.

सांगायचा मुद्दा, घेताना मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे धार राहते. नीट घासलेली नसेल तर शंभर स्विंगला तळहात सोलून निघतो. माल घेतलाच असेल तर पॉलिश पेपर मारा. वरून प्लॅस्टिक आणि आत सिमेंट भरलेली स्वस्तातली घेऊ नका, सोळा किलोला कलिंगडाएवढी होते आणि मूठ अरुंद. स्पर्धेच्या स्टीलच्या असतात त्या सगळ्या वजनांना एकाच आकाराच्या, वजन आत कमी-जास्त केलेलं. चांगल्या, पण महाग.

आणि बीड ठिसूळ असतं हे घरातल्या बायकांना विचारा. बिडाचा तवा पडला की तडकतो. तुमची फरशी गेली, केटलबेल वाचली, हे नशीब समजा.

---

अक्का_मिरज | ६ जून, दुपारी ४.१०

फरशीसाठी गादीबिदी घालू नकोस रे बाबा, पाय डगमगतील. गोठ्यात म्हशींखाली घालतात ती जाड रबरी मॅट मिळते, ती आण. आमच्याकडं चारशे किलोची म्हैस बसते त्याच्यावर, तुझे सोळा किलो काय घेऊन बसलास. फक्त चार दिवस गच्चीवर वाळव, वास असतो.

---

तालमीतला_भाचा | ६ जून, रात्री १०.३०

@कुंपणावरचा, तुमचा राग कळतो, पण थोडं उलट बाजूनेही बघा. माझं आजोळ कोल्हापूर. मामा तालमीत जायचा, मी सुट्टीत त्याच्या मागे. गदा मीही फिरवलीय, आजही फिरवतो. पण तिचं काम निराळं. गदेचं वजन दांड्याच्या टोकाला. त्यामुळे दहा किलोची गदाही खांद्यामागून फिरवताना मनगटाला आणि दंडाला नको नको करते. छाती-खांदे मोकळे होतात, पकड येते. कंबरेखालचं काम तालमीत बैठका करतात. केटलबेलचं वजन मुठीच्या लगेच खाली असतं, म्हणून ती पायांमधून जाऊ शकते, खुब्याच्या झटक्याने उडते. दोघींचं भांडण नाही. शिवाय फ्लॅटमध्ये गदा फिरवायची तर आधी पंखा काढावा लागेल. मी एक ट्यूबलाईट गमावलेली आहे.

"परदेशातून आलं" हे खरंच, पण आलं ते रशियातल्या धान्यबाजारातून. तिकडे तिला गिर्या म्हणतात. तराजूत टाकायची वजनं होती ती, मोजमाप पूडमध्ये. एक पूड म्हणजे १६.३८ किलो. म्हणून आजही केटलबेल १६, २४, ३२ अशा चढतात: एक, दीड, दोन पूड. बाजारात पोरांनी पैजा लावून ती उचलायला सुरुवात केली आणि त्याचा खेळ झाला. डॉ. क्रायेव्स्कींनी सेंट पीटर्सबर्गला १८८५ मध्ये हौशी पहिलवानांचं मंडळ काढलं, तिथे गिर्या होत्याच. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, सोव्हिएत संघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा लिपेत्स्कला झाली. त्या खेळात दहा मिनिटं केटलबेल खाली न ठेवता उचलत राहायचं असतं. अमेरिकेत हे वेड पसरलं ते २००० च्या आसपास, मिन्स्कहून तिकडे गेलेल्या या पावेलमुळे.

मार्केट यार्डात मुठीची वीस किलोची लोखंडी वजनं ज्यांनी इकडून तिकडे केलीत त्यांना हे काही परकं वाटायचं कारण नाही.

---

कुंपणावरचा | ६ जून, रात्री ११.०५

मार्केट यार्डाचं पटलं. बाकीचं कुंपणावर बसून बघतो.

---

सकाळची_साखर | ८ जून, सकाळी ६.२०

आता सविस्तर. वय ३८, दोन मुलं, व्यायामाचा इतिहास म्हणजे शाळेतली लेझीम. आठ किलोने सुरुवात केली. बायकांनी चार-पाच किलोची गुलाबी केटलबेल घ्यावी असं दुकानात सांगतात. ऐकू नका. दळणाचा डबा आपण उचलतोच ना? पाण्याची कळशीही त्याहून जड. फार हलकी घेतली तर ती हातांनीच उचलली जाते, खुबा झोपूनच राहतो. मी चौथ्या महिन्यात बारावर गेले.

हिरव्या बांगड्या घालून क्लीन करू नका. क्लीनमध्ये केटलबेल हाताभोवती फिरून मनगटामागे येते. माझी सुरुवातीला दाणकन आदळायची. दोन बांगड्या फुटल्या, एक काच रुतली. सासूबाईंनी "फुटल्या म्हणू नये, वाढवल्या म्हणावं" एवढंच सांगितलं आणि हळद लावली. केटलबेल लांबून फेकायची नसते, अंगाजवळून न्यायची, जॅकेटची चेन वर ओढल्यासारखी, आणि हात तिच्या भोवती फिरवायचा. ते कळल्यावर निळे डाग थांबले.

हाताला घट्टे पडतात. आंघोळीनंतर वज्रीने घासून सपाट ठेवा. वाढू दिले की एक दिवस मुठीत चिमटून उपटून निघतात. मुठीला खोबरेल लावू नका, गंज धरत नाही पण निसटते. मी शाळेचा खडू वापरते.

---

मिनेसोटा_गारठा | ८ जून, रात्री ८.४५

इथे हिवाळ्यात बाहेर उणे वीस, म्हणून तळघरात चार वर्षं हेच करतोय. गेट-अपविषयी लिहितो, कारण त्यावर कोणी बोललं नाही.

चौथा_मजला, एक आठवडा वजन सोडा. पाठीवर झोपा, मूठ वळून हात छताकडे, आणि मुठीवर अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवा. आता उठा. त्या बाजूचा गुडघा वाकवलेला, आधी दुसऱ्या हाताच्या कोपरावर, मग तळव्यावर, कंबर उचलून पसरलेला पाय खालून मागे, एक गुडघा टेकून बसा, मग उभे. आणि त्याच वाटेने परत खाली. एका गुडघ्यावर बसेपर्यंत नजर पेल्यावर. एकदा उठून बसायला अर्धा मिनिट लागलं पाहिजे. पाणी नेमकं कुठे सांडतं ते बघा, तुमचा कच्चा दुवा तिथे आहे. माझं कोपरावरून तळव्यावर जाताना सांडायचं, कारण खांदा कानाला चिकटलेला. मनगट मागे मोडलेलं असेल तरीही हात थरथरतो. उजव्या हाताने माउस धरून धरून आपला तो खांदा पुढे आलेला असतो.

सोळा किलो तोंडावर धरून शिकण्यापेक्षा पाणी तोंडावर घेतलेलं बरं.

---

चहाबाज | ९ जून, सकाळी १०.००

वीस मिनिटांत ४०० कॅलरी जळतात असं वाचलं, खरं का? पोट कमी करायचंय.

---

हाडवैद्य_नाही | ९ जून, दुपारी १.१५

तो आकडा विस्कॉन्सिन विद्यापीठात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून फिरत असतो. त्यातली मंडळी आधीपासून सराव असलेली होती आणि स्नॅच (केटलबेल एका झटक्यात पायांमधून डोक्यावर) मारत होती, पंधरा सेकंद काम, पंधरा सेकंद आराम, वीस मिनिटं. तुम्ही-आम्ही सुरुवातीला तसं करायला गेलो तर चौथ्या मिनिटाला खाली बसू. पोटासाठी ताट बघा. प्रथिनं मात्र वाढवा. भारतीय शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅमची आहे, वजनाचा व्यायाम करणाऱ्याने त्याहून बरंच जास्त घ्यावं, आणि आपल्या नुसत्या पोळी-भाजी-भातात ०.८३ सुद्धा भरेलच असं नाही. उसळ वाटीभर घ्या, चमचाभर नको.

---

चौथा_मजला | २० जून, रात्री १०.१०

नववा आठवडा संपला. हिशोब देतो.

चार दिवस नुसती भिंत. लेक विचारत होता, बाबा भिंतीला ढुंगण का मारतायत. पाचव्या दिवशी केटलबेल घेतली आणि पहिल्यांदा ती खरंच तरंगली. म्हणजे वर आल्यावर क्षणभर हातात वजनच नव्हतं. सात आठवडे मी काय करत होतो कोण जाणे. आता शंभरनंतर मांडीचा मागचा भाग आणि कुल्ले भरून येतात, कंबर गप्प असते. दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना मात्र आई आठवते.

दोन सेटमध्ये किती थांबायचं हे घड्याळावर लावलं होतं, ते सोडलं. पावेलचं म्हणणं असं की बोलता येईपर्यंत थांबा. मी लेकाच्या वहीतला सतराचा पाढा म्हणतो. सतरा सत्ते एकशे एकोणीसला अडखळलो नाही तर पुढचा सेट. लेकाला वाटतं, बाबा पाढे पाठ करतोय. त्याचाही झाला.

पेल्याचं पाणी तिसऱ्या दिवसापर्यंत रोज कानात गेलं. खांदा कानाला चिकटलेला, तंतोतंत. म्हशीची मॅट आणली. अक्का, वास चार दिवसांत नाही गेला, आठ लागले, पण आता खालच्या काकूंना काहीच ऐकू येत नाही. तडकलेली फरशी मॅटखाली झाकली गेली हा वरचा फायदा.

---

अक्का_मिरज | २० जून, रात्री १०.२५

म्हैस पण घे आता.

---

सकाळची_साखर | २१ जून, सकाळी ६.१५

एका हाताने कधी सुरू करणार? शरीर फिरतं त्यात, ते न फिरू देणं हीच गंमत आहे. आधी दहातले दोनच सेट एका हाताने, बाकी दोन हातांनी, असं वाढवत न्या.

---

चहाबाज | २ जुलै, सकाळी ९.३०

मी पण घेतली, बारा किलो. पावसात तिसऱ्याच दिवशी तांबूस झाली 😞

---

फौंड्रीवाला | २ जुलै, सकाळी ११.००

अहो, ती बाल्कनीत ठेवलीत ना? आत घ्या. तारेच्या घासणीने गंज काढा, कोरडं पुसा, गोळ्यावर पुसट मशीन ऑईल. मूठ कोरडी ठेवा.

---

चौथा_मजला | ११ जुलै, रात्री ९.५५

बारा आठवडे झाले. साठ सत्रं व्हायला हवी होती, वहीत एक्कावन्न आहेत. पाच ताप-सर्दीची, तीन गावाला गेलो तेव्हाची, एक शुद्ध आळसाचं. जिमच्या अकरापेक्षा बरं, फ्रीजवरचा कागद बायकोने स्वतः काढला.

वजन फक्त दीड किलोने उतरलं. पँट मात्र मागून घट्ट आणि पुढून सैल झालीय, हे कधी घडलं नव्हतं. दहापैकी सहा सेट एका हाताने. शंभराला अकरा मिनिटं लागतात. पावेलची मुदत पाच मिनिटांची, आणि पुरुषांचं त्याचं पहिलं लक्ष्य बत्तीस किलोचं. मी त्या गावाच्या वेशीवरही नाही. परवा सोसायटीची लिफ्ट बंद होती, गॅसचा सिलिंडर मी आणि वॉचमनने चार मजले वर आणला. वॉचमन दुसऱ्या मजल्यावर टेकला, मी उभा होतो. बसावंसं वाटत होतं, पण खालच्या काकू दारात होत्या.

कंटाळा येतो का? येतो. तेच दोन व्यायाम, तीच मॅट, तोच सतराचा पाढा. पण सकाळी काय करायचं याचा विचार करावा लागत नाही, आणि माझं जिमला जाणं त्या विचारातच बुडायचं.

---

कुंपणावरचा | ११ जुलै, रात्री १०.३०

अभिनंदन. एक विचारायचं होतं. तुमची ती पहिली चोवीस किलोची पडून असेल ना? विकायची आहे का? पुतण्यासाठी हवी होती.

---

तालमीतला_भाचा | ११ जुलै, रात्री १०.३४

पुतण्यासाठी 😄

---

चौथा_मजला | ११ जुलै, रात्री १०.४१

आईने जवळजवळ चार महिने ती बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावली होती. काल दार आपटायला लागलं म्हणून ओरडली. मी आत मॅटवर होतो, दोन हातांनी पाच स्विंग मारले. विकत नाही, सॉरी. पुतण्याला सोळाने सुरू करू दे.